साहेब येईपर्यंत

“...मग माझं चुकलं कुठं, ते तरी सांगा बाबा.”

घाटमाथ्यावरच्या मठीत म्हातारे गोसावीबाबा चुलीपुढं बसले होते. त्यांनी नुसतं लाकूड आत सारलं.

विचारणारा निशिकांत हा खालच्या गावातल्या सायकल मंडळाचा अध्यक्ष. डोंगरातून सायकली पळवणारी ही मंडळी दर उन्हाळ्यात कुदळी घेऊन वर यायची आणि वाटेकडेचे चर उपसायची, म्हणजे पावसाचं पाणी बाजूनं निघून जायचं. यंदा निशिकांतनं कुणाला हात लावू दिला नाही. वाट सुधारायला सरकारी अनुदान मागितलं होतं. पाहणीला येणाऱ्या साहेबाला वाट धड दिसली, तर तो पैसे कशाला देईल? एवढी अक्कल त्यानं चालवली होती, आणि तिचा त्याला भारी अभिमान होता.

पण साहेबाच्या आधी पाऊस आला. वळणावरची वाट पाण्यानं कापून नेली आणि मंडळातलाच मुकुंद सायकलीसकट दरीत गेला. जीव वाचला, पण कंबरेखालचं अंग लुळं पडलं ते पडलंच.

मग साहेब आले. खचलेली वाट पाहून हळहळले आणि अनुदान मंजूर झालं.

“आता पक्के बांध घालू, बाबा. पुन्हा कुणी पडणार नाही.”

“बरं होईल.”

“मुकुंद म्हणत होता, निदान वळणावरचा चर तरी उपसू दे. मीच त्याला गप्प बसवलं...”



बाबा तांब्या भरायला उठले, ते लंगडतच. टाचेत करवंदीचा काटा रुतला होता, भोवती चांगलीच सूज होती. निशिकांतनं पुढं होऊन त्यांचा पाय मांडीवर घेतला.

बाबांनी पाय काढून घेतला.

“राहू दे. पुढच्या महिन्यात शिबिराला डॉक्टर यायचेत. त्यांना दाखवायला काटा हवा ना.”

“तोवर पाय सडेल की, बाबा.”

बोलून गेला, आणि मग त्याला आपलंच बोलणं ऐकू आलं. तोंड ओंजळीत घालून तो लहान मुलासारखा रडला. इतकी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

बऱ्याच वेळानं बाबांनी आपणहून पाय पुढं केला. त्यानं काटा काढला.

“नव्या वाटेला मुकुंदचं नाव देतो, बाबा. उद्घाटन त्याच्याच हस्ते करू. मग तरी...”

“त्याच्या घरी जाऊन आलास?”

“नाही... कोणत्या तोंडानं जाऊ? वाट पुरी झाली की जाईन.”

बाबांनी टाचेवरचं रक्त पुसलं.

“मी काल गेलो होतो. खाट दाराकडं तोंड करून घालून घेतलीय त्यानं.”