राजठाणची तिसरी हाक

राजठाणच्या वेशीसमोर चहाची एक टपरी आहे. टपरीवालीने आपल्या सुनेला हाक मारली, "कावेरे!" सून लांब बांधावर कपडे वाळत घालत होती. वारं उलटं होतं, तिला ऐकू गेलं नसावं. टपरीवालीने पुन्हा हाक मारली, "कावेरे, ए!" मग तिने स्टोव्ह बारीक केला, पदर खोचला, आणि गुडघ्यावर हात ठेवत दोनशे पावलं चालत जाऊन सुनेच्या पाठीवर थाप मारली.

एवढंच झालं. पण हेमांगीच्या हातातला चहा तसाच राहिला. गुडघे दुखणारी बाई आणखी एकदा ओरडली असती तर काम भागलं असतं. ती ओरडली नव्हती. तोंड उघडलं होतं तिने तिसऱ्यांदा, आणि मिटून घेतलं होतं.

हेमांगीने इतिहासात एम.ए. केलं होतं, आणि दारावरची बेल वाजली तरी ती दचकायची. वडील तिला चिडवायचे, की सनावळ्या पाठ असलेली मुलगी सशाच्या काळजाची कशी निघाली. वडील म्हणजे भास्करराव, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. बाकीची मंडळी निवृत्तीनंतर काशीला जातात, हे ओसाड पडलेल्या राजधान्या हिंडत होते.

"दीडशे वर्षं राज्य चाललं इथून," ते वेशीकडे बघत म्हणाले, "आणि हमरस्त्यावर साधी पाटी नाही. सगळे गाड्या दामटत लेणी बघायला पुढं जातात. हे बघ हेमा, एक गंमत दाखवतो."

वेस अजून उभी आहे. दोन हत्ती शेजारीशेजारी जातील एवढी रुंद. दारांच्या फळ्या कधीच कुजून गेल्या, पण दगडातली अडसराची भोकं शाबूत आहेत. भास्कररावांनी एका भोकात कोपरापर्यंत हात घातला.

"अडसर आतून असतो ना? इथं बाहेरून आहे. शत्रूला अडवायला नाही हा. मग कुणाला कोंडलं होतं?"

"बाबा, असं काही बोलत जाऊ नका ना."

वेशीच्या पायरीवर घोंगडी टाकून एक म्हातारा बसला होता. शिदू नाईक त्याचं नाव. येणाऱ्याजाणाऱ्याला नगरी दाखवायचा, पण हल्ली गुडघ्यांमुळे फार आत जात नसे. तो म्हणाला, "गुरुजी, जायचं तर जा, पण विहिरी सांभाळा. सतरा आहेत, एकीलाही कठडा नाही. गवत माजलंय, काठ दिसत नाही."

"अर्ध्या तासात येतो. साखरेचा माणूस आहे मी, उपाशी हिंडायला परवानगी नाही," भास्करराव हसून म्हणाले.

"खिशात बिस्किटं घेतलीत?" हेमांगीने विचारलं.

"घेतली गं माझे आई."

ते कमानीतून आत गेले. तेव्हा तीन वाजले होते.

हेमांगी म्हाताऱ्याजवळ येऊन बसली. टपरीवालीचं ते मिटलेलं तोंड तिच्या मनातून जात नव्हतं. शेवटी तिने विचारलंच.

"बघितलंत होय?" नाईक म्हणाला. "बरेच पाहुणे येतात, कुणाच्या ध्यानात येत नाही. ऐका मग."

राजठाण नांदतं होतं तेव्हाची गोष्ट, असं तो सांगू लागला. राजाला एकच मुलगा, तोही उशिरा झालेला. तो तापाने फणफणला. एकवीस दिवस झाले तरी ताप उतरेना. वैद्य हरले. तेव्हा राजा अनवाणी डोंगरावर गेला आणि जाखाईदेवीच्या पायरीवर डोकं टेकून बोलून बसला म्हणे, की पोर वाचू दे, माझी नगरी तुला दिली.

पोर वाचलं. आठ दिवसांनी जाखाई एका बाईच्या अंगात आली आणि म्हणाली, नगरी घेते, पण मोकळी घेते. आत माणूस नको, जनावर नको, एकाही चुलीत विस्तव नको. ठिणगी जरी राहिली तरी दिलेलं परत नेईन.

राजाने तीन दिवसांची मुदत घातली. माणसं हलली, गुरं हलली. कोष्ट्यांनी माग उपटून गाड्यांत घातले. बायकांनी वृंदावनातल्या तुळशी मातीसकट उचलल्या. तिसऱ्या दिवशी ऊन कलताना शेवटच्या गाड्या वेशीबाहेर पडल्या, आणि वेशीवर राहिला तो वेशीचा नाईक, दाराचा राखणदार.

"आमचा मूळपुरुष," म्हातारा म्हणाला. "त्याला एक लेक होती. साळू. सतरा वर्षांची, लग्न ठरलेलं. भित्री होती म्हणे. पाल चुकचुकली तरी आईला बिलगायची. ती शेवटच्या गाडीत बसली, गाडी चार हात पुढं गेली, आणि हिनं उडी टाकली. कशासाठी? तर चुलीतला विस्तव विझवला की नाही, ते तिला आठवेना."

हेमांगीने मान खाली घातली. त्या दिवशी सकाळी निघताना जिन्यातून दोनदा परत जाऊन तिने गॅसची कळ बघितली होती.

"ठिणगी राहिली तर राजाचं पोर जाणार. साऱ्या नगरीत तेवढं तिच्याच मनाला लागलं. बापाला सांगून ती पळत आत गेली. घर पार टोकाला, शेवटच्या विहिरीपाशी."

सूर्य टेकायच्या आत वेस बंद झाली पाहिजे, असा हुकूम होता. राजाचा स्वार घोड्यावर बसून होता. नाईकाने हाक मारली, साळू! रिकाम्या गल्ल्यांतून हाक फिरून आली. त्याने पुन्हा मारली, साळू गं! काहीच नाही. स्वार म्हणाला, नाईक, सूर्य बुडतोय. नाईकाला वाटलं, पोर तटाच्या उत्तरेकडच्या लहान दरवाजातून निघून गाड्यांना मिळाली असेल. दार ओढलं. देवीची नगरी देवीला पोचती झाली म्हणून अडसर बाहेरून घातला.

"तिला ऐकू नाही गेलं?" हेमांगीने विचारलं.

"दोन्ही हाका ऐकू गेल्या."

म्हाताऱ्याने घोंगडीचं टोक गुडघ्यावर ओढलं. मग त्याने विचारलं, "तुम्हाला लहानपणी शिकवलं असेल की, ओसाड जागी हाक आली तर काय करायचं?"

हेमांगीला आजीने शिकवलं होतं. पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही. भूत आपल्याच माणसाच्या आवाजात हाक मारतं, पण दोनदाच मारतं. तिसरी हाक माणसाची.

"मग?" म्हातारा म्हणाला. "पहाटे जात्यांची घरघर होती, दुपारी एक कुत्रं नव्हतं. त्या घटकेला राजठाणाइतकी ओसाड जागा पृथ्वीवर नव्हती. चूल तर विझलेलीच होती, तरी पोरीनं तिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं, तोंडावर हात दाबला, आणि तिसऱ्या हाकेची वाट बघत बसली."

पहिल्या मुक्कामावर गाड्यांतली माणसं मोजली तेव्हा नाईकाला कळलं. तो रातोरात उलटा धावला. हुकूम मोडून त्याने अडसर काढला. घरात चुलीची राख ओली होती, तांब्या उपडा होता, पोर नव्हती. सतराही विहिरी उपसल्या म्हणे, काही लागलं नाही. मग तो या कमानीत उभा राहिला तिला हाक मारायला. आणि त्याच्या गळ्यातून आवाज निघेना. ती हाक तिसरी होती ना. नाईक मेला तोवर मुकाच होता.

"आजही वेशीबाहेरच्या आमच्या गावात कुणी तिसरी हाक मारत नाही," म्हातारा म्हणाला. "म्हैस सुटू दे, लेकरू रस्त्यावर जाऊ दे, दोन हाका मारायच्या आणि चालत जायचं. ती आत बसून हाका मोजते. कुणाच्या नावाची हाक आहे, याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. तिसरी ऐकली की ती ओ देणार, आणि ज्यानं मारली त्यानं तिला घरी न्यायचं. एका कासारानं बायकोला हाक मारता मारता तिसरी मारली होती, माझ्या आज्याच्या वेळी. आतून ओ आली. तो पळत सुटला. पण त्या दिवसापासून जेवायला बसताना एक पान जास्त मांडायचा म्हणे. बायकोनं विचारलं तर सांगायचा नाही."

ऊन कमानीच्या खालच्या थरापर्यंत उतरलं होतं. हेमांगीने घड्याळ बघितलं. पावणेपाच. बाबांचा अर्धा तास केव्हाच उलटून गेला होता, गोष्टीच्या नादात तिला भान राहिलं नव्हतं.

ती उठली तशी टपरीवाली तिथूनच म्हणाली, "ताई, गुरुजींचा पुडा बाकावरच राहिलाय की."

बिस्किटांचा पुडा. न फोडलेला.

हेमांगीने मनातल्या मनात हिशेब केला. सकाळी इंजेक्शन, साडेअकराला दोन पोळ्या, त्यानंतर काही नाही. साखर उतरली की बाबांना आधी घाम फुटायचा, मग ते भलतंच बोलायला लागायचे, मग जिथं असतील तिथं बसायचे. मोबाईलला रेंज नव्हती. तिने पुडा घेतला आणि कमानीत शिरली. नाईक काठी टेकत मागून आला.

आत पन्नास पावलांवर एक चौक लागला. तिथून तीन वाटा फुटत होत्या, तिन्ही वेड्या बाभळींनी आणि कमरेएवढ्या गवताने भरलेल्या. गवत कुठंच मोडलेलं दिसत नव्हतं. बाभळीच्या एका काट्यावर बाबांचा रुमाल अडकलेला होता, पण तो वाऱ्याने कुठून आला ते कळायला मार्ग नव्हता.

"माणसं?" तिने विचारलं. "गावातली कुणी?"

"आज बाजार. दिवेलागणीला येतील."

"तोवर थांबता येणार नाही, आजोबा." तिने दोन्ही हात तोंडाशी धरले. "बाबा!"

हाक भिंतींना लागून परत आली. एक पारवा फडफडला आणि हेमांगी जागची उडाली. नाईकाने काठी दगडावर आपटली, चार वेळा. काठीचा आवाज हाकेत मोजत नाहीत.

"बाबा, कुठं आहात?"

दुसरी हाक फार लांब गेली. ती कुठं संपली ते कळलंच नाही. त्यानंतर असं शांत झालं की गवतसुद्धा हलायचं थांबल्यासारखं वाटलं. कुणीतरी श्वास धरून बसावं तसं. हेमांगीने नाईकाकडे बघितलं. तो तिच्याकडे बघत नव्हता, मधल्या वाटेकडे बघत होता, आणि त्याचे ओठ हलत होते, आवाजाविना.

"मला तिसरी मारता येत नाही," तो म्हणाला. "साठ वर्षं रोज इथं उभा राहतो. दोन होतात. पुढं गळा धरतो. तुम्ही मघाशी विचारलं नाहीत, पण येणारे सगळे विचारतात, की म्हाताऱ्या, या उजाड जागी माणसानं यायचं कशाला? मी अडसर दाखवतो, कोरीव खांब दाखवतो. खरं कारण सांगत नाही. बाहेरचं कुणीतरी यावं, ज्याला आपल्या माणसासाठी तिसरी मारावीच लागेल, म्हणून मी वाट बघतो. लोक म्हणतात ती धरते. माझ्या घरची पोर आहे ती, ताई. तिला फक्त बाहेर यायचंय." मग तो घाईने म्हणाला, "पण मारा म्हणून मी सांगणार नाही. न्यावं लागेल. ते तुमच्यावर."

हेमांगीला वाटलं, पळावं. रस्ता गाठावा, एखादी गाडी थांबवावी, शहाणी माणसं आणावीत. दहा मिनिटं जायला, दहा यायला. हातातला पुडा घामाने ओला झाला होता. बाबा कुठंतरी विहिरीच्या काठाशी बसले असतील, पुढं काय आहे ते त्यांना दिसत नसेल.

तिने डोळे मिटले. चौकातल्या खांबाला पाठ लावली.

"बाबा!" ती ओरडली. "ओ द्या!"

नाईकाच्या हातातून काठी पडली.

मधल्या वाटेने, पार टोकाकडून, आवाज आला. तरुण मुलीचा, घोगरा, खूप दिवसांत न वापरलेला.

"ओ. दोघं आहोत इथं."