बोकडाच्या जागी नगराध्यक्ष

हिरवे पेठेतल्या दुकानांचे बोर्ड इतके फिकट आणि दाटीवाटीचे होते की गिऱ्हाईक वाचायच्या भानगडीत न पडता सरळ मॉलची वाट धरी. पेठेतल्याच ऋजुता तांबटने ते सगळे नव्याने करून दिले. ठसठशीत अक्षरं आणि आत जे मिळतं त्याचं एक देखणं चित्र. पेठ पुन्हा गजबजली.

मग नगराध्यक्ष दौलतराव आले. म्हणाले, "चित्रं काढा. तिथं माझा फोटो लावा. नाहीतर उद्या सगळे बोर्ड उतरवतो!"

दुकानदारांचे चेहरे पडले. ऋजुता मात्र नम्रपणे म्हणाली, "लावते की, साहेब. सुरुवात लिंबाजीभाऊंच्या मटणाच्या दुकानापासून करू. बोकड काढून तुम्हाला बसवते. फक्त एक सांगा, खालची ओळ ठेवू की पुसू?"

"कुठली ओळ?"

"'रोज ताजा कापून मिळेल.'"

सगळी पेठ खो खो हसत सुटली. दौलतरावांचा हात नकळत मानेकडे गेला.

"राहू दे तो बोकडच," ते पुटपुटले आणि गाडीत जाऊन बसले.

गाडी वळणाआड गेली, तेव्हा कुठे ऋजुताने रोखून धरलेला श्वास सोडला.