उंच होणारा उंबरठा

एक होती सुतारीण. तिचं नाव भिवरा. तिला वाटलं होतं, लेकीच्या नव्या घरी आपण पोचू तेव्हा लेक धावत येईल, आपल्या पायावर पाणी घालेल, भाकरतुकडा ओवाळून टाकेल आणि हाताला धरून आत नेईल. आणि झालं काय? ती दारात पोचली, तिनं उजवा पाय उचलला, आणि दाराचा उंबरठा वर आला. गुडघ्याएवढा. तिनं पाय आणखी वर घेतला. उंबरठा कमरेएवढा. ती दचकून मागे सरली, तर तो असा वर गेला, असा वर गेला, की दार भिंतीसारखं बंद! आणि तो उंबरठा तिनं स्वतःच्या हातानं केला होता, बरं का.

हे कसं झालं ते सांगते. पण हूं म्हणत राहा, नाहीतर गोष्ट वाटेतच झोपेल.

भिवरेनं आयुष्यात तीन दुःखं पाहिली होती. पुरात घर गेलं. तापात नवरा गेला. आणि करवतीत डाव्या हाताचं एक बोट गेलं. बोटाचं तिला विशेष वाटत नसे. म्हणायची, नऊ बोटांत सगळी कामं होतात, दहावं नुसतं मिरवायला होतं.

तिला एकच लेक. सारजा. सारजा घोंगड्या विणायची. मोठी झाली, तशी म्हणाली, "आई, नदीपलीकडे मेंढ्या पुष्कळ. मी तिकडेच राहते." मग ती दोन डोंगर ओलांडून गेली. तिथं माती तुडवली, भिंती घातल्या, वर कौलं चढवली. आणि आईला निरोप धाडला, "घर झालं. दाराला उंबरठा तेवढा नाही. तो तुझ्या हातचा हवा."

मग भिवरा रानात गेली. आंब्यापाशी थांबली. हात जोडून म्हणाली, "लेकीच्या घराला लाकूड हवंय." आंबा म्हणाला, "माझ्या अंगावर घरटी आहेत. एकाचं घर मोडून दुसऱ्याचं कसं करशील?" बरोबर होतं त्याचं. ती पुढे गेली. मग भेटला साग. साग म्हणाला, "मला नाव व्हायचंय. पाणी बघायचंय. दारात पडून राहणं मला जमायचं नाही." मग ती आणखी पुढे गेली. तिथं एक म्हातारा शिसव वादळात आडवा झाला होता. तो म्हणाला, "मला ने. मी नाहीतरी आडवाच आहे. पण उंबरठा म्हणजे राखण. कुणाला अडवू ते सांग. साप-विंचू अडवू?"

"ते सारजा काठीनं हाकलेल," भिवरा म्हणाली. "तू दुःख अडव."

झाड म्हणालं, "सगळं?"

"सगळं."

"कुणाचंही?"

"कुणाचंही असू दे. माझ्या लेकीच्या दारातून दुःख आत जायला नको."

"बरं," शिसव म्हणाला. लाकूड फार बोलत नाही.

मग भिवरेनं लाकूड घरी आणलं. करवतीनं कापलं, रंध्यानं गुळगुळीत केलं, पटाशीनं त्यावर वेल कोरली. कोरताना पुटपुटायची, "सारजे, जे मी पाहिलं ते तू पाहू नको." मग तेल पाजलं आणि बैलगाडीतून उंबरठा पुढे धाडला. गवंड्यानं तो चौकटीत बसवला. सारजा त्यावरून आतबाहेर करायची. ती आनंदात होती, म्हणून उंबरठा जमिनीला चिकटून असायचा. तिला काही कळलंच नाही.

मग वास्तुशांतीचा दिवस आला.

पहिले आले गुरुजी. वाटेत त्यांची नवी वहाण तुटली होती. त्यांनी पाय उचलला, उंबरठा वीतभर वर आला. त्यांनी धोतर वर खोचलं, पाय आणखी उचलला. उंबरठा आणखी वर. शेवटी गुरुजी घामाघूम होऊन म्हणाले, "मंत्राला भिंत आड येत नाही. मी अंगणातूनच म्हणतो."

मग आली शेजारची ठकूकाकू. तिची म्हैस आटली होती. उंबरठा कमरेएवढा झाला. काकू म्हणाली, "अगं बाई! सारजे, तुझ्या घराला माझा राग का? मी तुझ्या भिंती सारवल्या, विसरलं वाटतं!"

मग आले सोनबा आजोबा. त्यांचा मुलगा परदेशी गेला तो परत आलाच नव्हता. त्यांच्यापुढे उंबरठा छातीएवढा झाला. आजोबा अंगणातल्या दगडावर बसले.

मांजर तेवढं आत गेलं. मांजराला कसलं दुःख?

आणि सगळ्यात शेवटी आली भिवरा. तिच्यापुढे दार कसं बंद झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. पाय आत घे रे, पांघरूण ओढ.

सारजा आतून लहानशा खिडकीशी आली. "आई, आत ये ना गं!"

"येते की. तुझा उंबरठा येऊ देईना."

"माझा? केलास तू!"

मग भिवरेनं खिडकीतून झाडाची सगळी हकिकत सांगितली. अंगणातले लोकही ऐकत होते. ठकूकाकू म्हणाली, "हात्तिच्या! मला वाटलं, मी जाड झाले."

सारजा म्हणाली, "मग दुःख बाहेर ठेव आणि ये."

दुःख कसं ठेवतात? डोक्यावरचं बोचकं उतरवतात तसं. भिवरेनं पुराचं दुःख काढलं आणि अंगणातल्या शेवग्याखाली ठेवलं. उंबरठा छातीएवढा झाला. मग नवऱ्याचं दुःख काढलं. त्याला जरा वेळ लागला. तेही शेवग्याखाली ठेवलं. ही दुःखं जुनी होती, वापरून गुळगुळीत झालेली, म्हणून उतरली. उंबरठा गुडघ्याएवढा राहिला. पण त्याखाली जाईना.

सारजा म्हणाली, "आता काय उरलं? बोटाचं?"

"नाही गं," भिवरा म्हणाली. "तू इथं आणि मी तिथं, त्याचं."

"तेही ठेव ना."

"ते नाही ठेवायची मी. ते ठेवलं तर मग तू माझी कोण?"

हे ऐकलं आणि सारजाला रडू आलं. त्या घरातलं ते पहिलं रडू. दारातून आत आलं नव्हतं, आतच उगवलं होतं. तिच्या मनात आलं, बाहेर जाऊन आईच्या गळ्यात पडावं. ती दाराकडे धावली, आणि उंबरठा तिच्यासमोरही वर आला. तो तरी काय करणार? दुःख इकडून आलं की तिकडून, त्याला एकच. आता आई बाहेर आणि लेक आत. दोघी अडकल्या.

मग काय, सारजानं खिडकीतून एकेक पातेलं बाहेर दिलं आणि सगळे अंगणात जेवले. खीर चांगली झाली होती. पण पाहुणे बाहेर आणि यजमानीण आत, अशी वास्तुशांत कुणी पाहिली नव्हती. रात्री भिवरा उंबरठ्याला टेकून बाहेर निजली. सारजा टेकून आत निजली. मधे तेवढं शिसवाचं लाकूड.

मग सकाळ झाली. भिवरा उठली, तोंड धुतलं आणि पिशवीतून करवत काढली.

लाकूड म्हणालं, "तू सांगितलंस तसाच मी वागलो."

"तुझं काहीच चुकलं नाही," भिवरा म्हणाली. "पण आता मी वेगळं सांगते. तू उंबरठा राहू नको. पायरी हो."

आतून सारजानं विचारलं, "आई, मग दुःख आत येईल ना?"

"येईल. आलं की पाणी दे. बसायला घोंगडी दे. तूही जवळ बस. पाहुणं आहे ते, बसेल आणि जाईल."

गुरुजी तोवर वहाण सांधून परत आले होते. म्हणाले, "भिवराबाई, बिनउंबरठ्याचं घर? शास्त्राला धरून नाही हो हे."

"असू दे, गुरुजी. लक्ष्मी आली तर ठेचकाळणार तरी नाही."

आणि तिनं करवत चालवली. चौकटीतून उंबरठा सोडवला आणि दाराबाहेर, मातीत, पायरी म्हणून बसवला.

करवतीचा आवाज ऐकून कालचे पाहुणेही जमले होते. मग सोनबा आजोबा पुढे झाले. त्यांनी पायरीवर पाय ठेवला. आणि पायरी त्यांना घेऊन हळूच वर आली, घरातल्या जमिनीच्या जवळपास, म्हणजे गुडघे न वाकवता आजोबांना आत जाता यावं. मग ठकूकाकू. तिला जरा कमी. मग भिवरा शेवग्याखालची आपली दोन्ही दुःखं पुन्हा घेऊन आली. तिला पायरीनं सगळ्यांत वर उचललं, आणि सारजानं हाताला धरून आत नेलं.

पुढे त्या घरात रडूही आलं आणि हसूही आलं. पण दारात कुणी ताटकळलं नाही. सगळे सुखानं राहिले. आपणही राहू. चला, मिटा डोळे.