मंगळाचा खडा

आवडलेली वस्तू आधी घरात आणायची आणि तिच्यासोबत काय आलं याची चौकशी मागाहून करायची, ही खोड कुणाची आहे ते ज्याचं त्याला ठाऊक.

पाखरं मंगळापर्यंत उडत असत, त्या काळची ही गोष्ट. चिखल्या पक्षी तिथून बायकोसाठी लाल खडा घेऊन आला. नदीकाठच्या वाळूत चिखली अंडी उबवत होती. तो कौतुकानं खडा घरट्यात ठेवायला वाकला.

"थांबा! अंड्यांपाशी नको," चिखली पंख पसरून म्हणाली. "त्याला काय चिकटून आलंय कोण जाणे."

"अगं, चांगला फुंकून आणलाय!"

"म्हणजे आता तुमची फुंकरही चिकटली. त्यावर काही सापडलं, तर ते तिथलं की तुमचं, कसं ओळखायचं?"

चिखल्याचं तोंड एवढंसं झालं. ते पाहून चिखली विरघळली. "खडा सुंदरच आहे हो. पण पिल्लं उडायला लागेपर्यंत तो शिंपल्यात बंद राहू दे, आणि तुम्हीही पलीकडच्या खडकावर राहा. मी इथून रोज हाका मारीन."

चिखल्यानं खडा शिंपल्यात घालून तो चिखलानं लिंपला आणि मुकाट खडकावर जाऊन बसला. तिथली खेकडीण त्याला न्याहाळत म्हणाली, "दाजी, मंगळावर उतरण्याआधी पायांचा इथला चिखल धुतला होता ना?"