ओढून पाहिलेली शाळा

फार जुनी गोष्ट. नदीच्या अल्याड शिंपी पक्ष्यांचं राज्य होतं, पल्याड सुगरणींचं. दोघांनी मिळून पिलांसाठी शाळा बांधली; शिंप्यांनी पानं शिवली, सुगरणींनी गवत विणलं. उद्घाटनाला सुगरणींची झुलाक्का आली आणि चोचीनं शिवण खसाखसा ओढू लागली.

"हा अपमान आहे! चला घरी!" शिंपी खवळले.

पान सळसळलं तरी दचकणारी त्यांच्यातली शिवणी मात्र पुढे झाली. "अक्का, हे काय चालवलंय?"

"अगं, ओढून पाहिल्याशिवाय आम्ही कुठल्याच घरट्यात पिलं ठेवत नाही."

"मग तुमची वीण मी ओढणार!"

"ओढ की! लाजतेस काय?"

दोघींनी जीव खाऊन ओढलं. टाका उसवला नाही, वीण सुटली नाही. दोन्ही काठांवर एकच जल्लोष झाला आणि दोन्हीकडची पिलं ढकलाढकली करत आत घुसली.