माकडानं झाडलेलं जंगल

सागाच्या एका जंगलात माकडाचं एक पिल्लू राहत असे. राहत असे म्हणजे झोपायला तेवढं घरी येत असे. बाकी दिवसभर ते एका जागी सापडेल तर शपथ! खाताना उड्या, बोलताना उड्या. त्याची आई पायानं अधू होती. तिला झाडावर चढता येत नसे, म्हणून हे पिल्लूच तिला फळं तोडून आणून देई.

त्या जंगलात प्राण्यांचं एक वनराखण मंडळ होतं. म्हातारं कासव त्याचं अध्यक्ष. साळिंदर आणि हरिणी हे सभासद. जंगलाची काळजी घेणाऱ्या एका होतकरू पिल्लाला हे मंडळ दरवर्षी शिष्यवृत्ती देई. ज्याला ती मिळे, ते डोंगरापलीकडच्या जाणत्या धनेश पक्ष्याकडे शिकायला जाई. कोणतं बी कुठं रुजतं, आटलेला झरा पुन्हा कसा वाहता करावा, असं सगळं धनेश शिकवी. आणि ते पिल्लू परत येईपर्यंत त्याच्या घरी मंडळ फळं पोचवी. माकडाच्या पिल्लाला ही शिष्यवृत्ती मनापासून हवी होती. आईला उपाशी ठेवून ते एरवी शिकायला जाणार तरी कसं?

पण करावं काय? याच शिष्यवृत्तीसाठी एका छोट्या खारीनं पाणवठ्याकाठी रोपं जगवली होती. रोपं वाढायला वेळ लागतो, आणि थांबणं तर आपल्या या पठ्ठ्याला मुळीच जमत नसे. उन्हाळ्याचे दिवस होते. सागाची मोठमोठी पानं गळून जमिनीवर पाचोळ्याचा थर साचला होता. "केवढा हा कचरा!" असं म्हणून त्यानं झुडपाची एक चांगली हिरवी फांदी मोडली (जंगलाची काळजी घ्यायची होती ना!) आणि तिनं जमीन झाडायला सुरुवात केली. पाचोळ्यातून एक पक्षीण फडफडत उठली. "सरका हो मावशी," म्हणत ते तिच्याकडे न बघताच झाडत राहिलं. खाली दोन गुळगुळीत, लांबट दगड दिसले. ते छान दिसतात म्हणून तेवढे त्यानं राहू दिले. इतक्यात हरिणी तिथून चालली होती. ती थबकून म्हणाली, "वा! कसं अंगणासारखं दिसतंय! ऊन उतरलं की सगळ्या मंडळाला घेऊन येते." झालं! पिल्लाला आता शिष्यवृत्ती मिळाल्यासारखीच वाटू लागली.

पण मुलांनो, ते दगड नव्हते. ती अंडी होती. मघाची पक्षीण म्हणजे रातव्याची मादी. रातवा हा पाचोळ्याच्याच रंगाचा पक्षी. तो घरटं बांधत नाही, पानांमध्ये जमिनीवरच अंडी घालतो आणि दिवसभर तिथं जराही न हलता बसतो. अगदी पाय पडायची वेळ आली तरी दिसत नाही. आता ती मादी परत येऊन त्या बोडक्या जमिनीवर बसली होती आणि लांबूनही स्पष्ट दिसत होती. "माझा आडोसा कुठं नेलास रे, बाळा?" तिनं विचारलं. "जमीन तापलीय. पिल्लं अंड्यातच भाजतील."

पिल्लानं हातातली फांदी खाली टाकली. ते अजिजीनं म्हणालं, "मावशी, ऊन उतरेपर्यंत थांबाल का? मंडळ बघून जाऊ दे, मग लगेच पाचोळा परत टाकतो."

"मी थांबेन," ती म्हणाली. "तो थांबेल का, विचार." वर सुक्या फांदीवर एक कावळा मान तिरपी करून बसला होता.

पिल्लानं कावळ्याला हुसकलं. तो उडून दुसऱ्या फांदीवर बसला. पुन्हा हुसकलं, तर पुन्हा तेच. पिल्लू झाडावर चढलं, उतरलं, पुन्हा चढलं. आई डोळ्यांपुढे आली, धनेश डोळ्यांपुढे आला. खाली ती मादी चोच उघडी टाकून धापा टाकत होती. ते बघून त्याला रडूच आलं. रडत रडतच त्यानं दोन्ही हातांनी पाचोळा ओढून आणला आणि सगळीकडे पसरला. बघता बघता ती मादी पानांत दिसेनाशी झाली. "अरेच्चा! आत्ता तर इथंच होती," असं म्हणून कावळा डोळे फाडफाडून खाली पाहू लागला.

आणि मंडळ आलं. हरिणी बिचारी ओशाळली. कासवानं विचारलं, "हे काय? झाडलेली जमीन कुठं आहे?"

"मीच झाडली आणि मीच विस्कटली, आजोबा. इथं रातव्याची अंडी आहेत."

"असं? मग दाखव बरं कुठं ते," कासव म्हणालं.

कावळ्यानं लगेच मान पुढे काढली. पिल्लानं बोट उचललं होतं. ते त्यानं मागे घेतलं. दाखवावं तर अंडी जातील, न दाखवावं तर शिष्यवृत्ती जाईल. जे पिल्लू झोपेतसुद्धा बडबडे, ते तोंड मिटून गप्प उभं राहिलं. "कामही अर्धवट आणि वर थापा!" साळिंदर फणकारलं. शिष्यवृत्ती खारीला मिळाली. तिनं रोपं खरंच चांगली जगवली होती, त्यामुळे त्यात तक्रारीला जागा नव्हती. पण आईच्या कुशीत तोंड खुपसून पिल्लू खूप रडलं. मला विचाराल तर, त्या साळिंदराचा मला अजून राग येतो.

पुढे अंडी फुटली. पिल्लांना पंख फुटून ती उडू लागली, तेव्हा त्यांची आई त्यांना घेऊन कासवाकडे गेली आणि म्हणाली, "त्या दिवशी त्यानं बोट दाखवलं असतं, तर ही दोघं आज नसती." कासवानं त्या दोन्ही पिल्लांना नीट न्याहाळलं. मग ते साळिंदराला म्हणालं, "शिष्यवृत्ती द्यायला निघालो आपण, आणि पाचोळ्यात कोण राहतं ते आपल्यालाच ठाऊक नाही! चला, त्याला जाऊन सांगू, पुढच्या वर्षी धनेशाकडे त्यानंच जायचं."

मंडळ निघालं. पिल्लानं त्यांना लांबून पाचोळ्यातून येताना पाहिलं. ते का येताहेत हेही न विचारता ते ओरडलं, "थांबा! आधी खाली बघा, मग पाय टाका!" आणि अध्यक्षांसकट सगळं मंडळ एक पाय उचलून जागच्या जागी उभं राहिलं.

तात्पर्य : जंगल आपल्या डोळ्यांना कसं दिसतं ते मागाहून पाहावं, त्यात कोण राहतं ते आधी पाहावं.