रिकाम्या बोगद्याचा आकडा

"आणि काहीच नसताना किती येतं?" बाईंनी विचारलं.

शार्दूल गव्हाणे हसला. "काहीच नसताना मोजायचं कशाला, बाई?"

बाईंनी पेनाला टोपण लावलं. आकड्याच्या कागदावर सही केलीच नाही.

झालं! शार्दूलच्या कपाळावर आठी चढली. दुपारी चार वाजता हा आकडा प्रयोगवाल्यांकडे जायचा होता. चार वर्षं राबून त्यांनी जे उत्तर काढलं होतं, ते या एका आकड्यावर अडलं होतं. हा चुकला की त्यांचं सगळं चुकलं. शार्दूलचा प्रबंधही यावरच उभा, म्हणजे सहा वर्षांचं आयुष्य. आणि बाईंच्या सहीशिवाय आकडा मोजणीच्या त्या खोलीबाहेर पडत नसे.

बाई म्हणजे कालिंदीबाई परचुरे. माळावरच्या त्या कणत्वरकात, म्हणजे कण भन्नाट वेगानं पळवणाऱ्या यंत्रापाशी, तीस वर्षं घालवलेल्या, आता सत्तरीला टेकलेल्या, बोलायला महाकंजूष.

आणि शार्दूल? हुशारीचा अर्क! नाकावर माशी बसू देईल तर शपथ.

तिथं जमिनीखाली लांबलचक बोगदा आहे. त्यातून इलेक्ट्रॉनांचा झोत धावतो. प्रत्येक इलेक्ट्रॉनला एक कल असतो, फिरत्या भोवऱ्याच्या आसाला असतो तसा समजा. झोतात तो कल किती एकमुखी आहे, त्याचं प्रमाण म्हणजे ध्रुवीकरण. डोळ्यांना यातलं काही दिसत नाही. म्हणून झोतावर समोरून लेसरचा प्रकाश सोडतात. कोट्यवधींतला एखादा त्याला धडकतो, बाकीचे आपले सरळ निघून जातात. धडकेतून उडालेला प्रकाश काउंटर टिपतो. मग झोताचा कल उलटवायचा, पुन्हा टिपायचं. दोहोंत जो फरक पडेल त्यातून आकडा निघतो. अहो, न दिसणाऱ्याचा कल, न थांबणाऱ्या झोतातून! ऐकूनच छाती दडपते. शार्दूलची दडपत नव्हती. त्याला रोजचंच झालं होतं ते.

"एकोणनव्वद टक्के," तो म्हणाला. "इथं आजवर शहाऐंशीच्या पुढं कुणी गेलेलं नाही."

"कोण गेलं नाही? इलेक्ट्रॉन की माणसं?"

शार्दूलनं कागद पुन्हा त्यांच्यापुढं सरकवला.

"लेसर झाक," बाई म्हणाल्या.

त्यानं शटर पाडलं. आता झोताला धडकायला प्रकाशच नाही. म्हणजे फरक पडायचं कारण नाही, शून्य यायला हवं. दहा मिनिटांनी पडद्यावर टक्क्यांचा आकडा आला.

तीन.

"शटर नीट लागलं नसेल," तो घाईघाईनं म्हणाला.

"झोत थांबव."

त्यानं नियंत्रण कक्षाला फोन केला. झोत थांबला. बोगदा रिकामा. ना इलेक्ट्रॉन, ना प्रकाश.

दहा मिनिटं गेली...

तीन.

शार्दूलनं पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं. तीनच! त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. जिथं कुणीही नव्हतं, तिथून कुणीतरी उत्तर देत होतं. न चुकता, आणि नेमकं त्याला हव्या असलेल्या बाजूचं.

"बाई... हे कोण बोलतंय?"

बाईंनी भिंतीलगतच्या तारांकडे बोट दाखवलं.

त्या तारा शार्दूलनंच बांधल्या होत्या. आधी तिथं नुसता गुंता होता. यानं दोन दिवस खपून, वीतभर अंतरावर पट्ट्या आवळून, अशी काही सुबक मोळी बांधली होती की आलेले पाहुणे थांबून फोटो काढत. आता तो गुडघ्यांवर बसून एकेक तार चाचपत सरकू लागला. सदरा धुळीनं माखला. तासाभरानं तो जागीच थबकला.

दोन तारा एकमेकींना चिकटून चालल्या होत्या. एक काउंटरची. दुसरी संगणकाला खबर देणारी, की आता कल इकडं आहे, आता तिकडं. ही खबर, झोत असो वा नसो, काउंटरच्या तारेत पाझरत होती.

"काउंटरला आधीच कळत होतं," शार्दूल जमिनीवर बसूनच म्हणाला. "आता काय विचारणार आहेत, ते."

"आणि तुला?"

तारा बांधण्यापूर्वी दोनदा शहाऐंशी आलं होतं. गुंत्यामुळं आलं असेल म्हणून त्या दोन्ही दिवसांची मोजणी त्यानं काढून टाकली होती. एकोणनव्वद आलं त्या दिवसाची मात्र साधी चौकशीही केली नव्हती. उलट सगळ्यांना चहा पाजला होता!

शरमेनं त्याचे कान तापले.

चार वाजता फोन खणखणला.

"गव्हाणे, सांगा आकडा. सगळे जमलेत."

शार्दूलनं बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"आज... आकडा नाही."

"अहो, काल तर होता!"

"तो चुकीचा आहे. चूक माझी आहे."

"उद्या तरी मिळेल?"

"सांगता येत नाही."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. कसं कुणास ठाऊक, शार्दूलला हलकं वाटलं.

मग त्यानं कात्रीनं पट्ट्या कापल्या. ती देखणी मोळी भसकन सुटून पसरली. खबरेची तार त्यानं उचलून खोलीच्या पार दुसऱ्या टोकानं नेली आणि रिकाम्या बोगद्यासमोर बसला.

पडद्यावर आकडा किंचित वर गेला, किंचित खाली आला... आणि शून्यापाशी थांबला.

शार्दूल बघत राहिला. सहा वर्षांत त्यानं हे यंत्र पहिल्यांदाच गप्प बसलेलं पाहिलं होतं. एवढासा तो आकडा, पण त्याच्यासमोर मोठ्यानं श्वास घ्यायचीही त्याला चोरी वाटली. डोळे भरून आले, आणि ते पुसावेत हेही त्याला सुचलं नाही.

नियंत्रण कक्षातून निरोप आला, झोत पुन्हा सोडलाय. पायाखालून, एका क्षणात मोजताही येऊ नयेत इतके इलेक्ट्रॉन निघाले होते. प्रत्येकाला आपापला कल. शार्दूलला वाटलं, इतके दिवस आपण यांच्या डोक्यावर बसून होतो आणि यांना एकदाही ऐकलं नाही.

त्यानं शटरच्या बटणाकडे हात नेला.

"किती यावं?" मागून बाईंनी विचारलं.

हात थांबला. एकोणनव्वद म्हणावं, तर ते मनातून उतरलं होतं. शहाऐंशी म्हणावं, तर तेही कुणाचं तरी ऐकीव. त्यानं आत खूप शोधलं...

"काहीच वाटत नाही, बाई. खरंच."

बाईंनी खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"मग मोज."